बहाळ, ‘बहल’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला गिरणा नदीकाठच्या भटकंतीचा पानभर लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेने, कारण केळी, कापूस आणि उन्हाळ्यातले तापमान यांखेरीज आमच्या भागाबद्दल तुमच्या पुरवणीत काही छापून येण्याची आम्हाला सवय नाही. दुसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. 31 वर्षे शाळेत गणित शिकवले, सवय जात नाही.

आधी नावे. गावाचे नाव बहाळ आहे, ‘बहल’ नाही. पाटणे आहे, ‘पाटना’ नाही, ते बिहारात. टेकवाडे आहे, ‘टेकवाडा’ नाही. लेखक महाशयांनी इंग्रजीत वाचून मराठीत उतरवले हे उघड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाव आमचे, नदी आमची, वर्तमानपत्र मराठी, आणि नाव मात्र साहेबाच्या तोंडून फिरून आलेले, हे जरा जास्त झाले. तुमच्याकडे मुद्रितशोधक म्हणून कुणी असतात की तेही पद रद्द झाले?

पितळखोऱ्याची लेणी तुम्ही चाळीसगाव तालुक्यात आणून ठेवलीत, त्याबद्दल तालुक्याच्या वतीने आभारी आहे. कन्नड तालुक्यातल्यांना मात्र कळवा, ती अजून त्यांच्याकडे आहेत. आम्ही पाटणादेवीच्या बाजूने डोंगर चढून तिथे जातो, एवढाच आमचा हक्क. आणि शून्याचा शोध भास्कराचार्यांनी पाटण्यात लावला, हे वाक्य वाचून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहिले ते इ.स. 628 मध्ये. भास्कराचार्य जन्मले 1114 मध्ये. त्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले, तो विचार मोठाच आहे, पण शून्य त्यांच्या नावावर जमा करायचे कारण नाही. पाटण्याचे जे खरे वैभव, त्यावर तुमच्या लेखात जेमतेम दीड ओळ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला तिथला शिलालेख 1207 सालचा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्या मठाला काय काय नेमून दिले याचा तो कागदच आहे म्हणा ना, दगडावरचा. शेवटच्या काही ओळी तर चक्क मराठीत आहेत. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला दिला, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे 800 वर्षांपूर्वी आमच्या बाजारपेठेच्या करावर गणिताची शाळा चालत होती. हे सोडून तुम्ही धबधब्याचा फोटो छापलात. फोटो छान आहे.

असो. हे सगळे मी पोस्टकार्डावर मावेल एवढ्यातच आवरले असते. पत्र लांबले ते दोन वाक्यांमुळे. पहिले, ‘बहाळला आज पाहण्यासारखे फारसे काही नाही.’ आणि लगेच त्याखाली, ‘स्थानिकांच्या अनास्थेमुळे हा अनमोल ठेवा नष्ट होत आहे.’

साहेब, त्या स्थानिकांपैकी मी एक. माझे आजोळ गिरणाकाठचे. आजोबांचे घर धाब्याचे होते. धाबे म्हणजे तुमच्या लेखकांना हायवेवरचे वाटेल, म्हणून सांगतो, मातीच्या सपाट छपराचे घर. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, हा आमच्याकडचा वार्षिक कार्यक्रम. काळी माती धाब्यावर चालत नाही, पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. त्याला लागते पांढरी. आणि पांढरी मिळते कुठे? तर गावाशेजारच्या जुन्या टेकाडावर. नुसते ‘पांढरी’ म्हटले की आमच्याकडे जुन्या वस्तीची जागा समजते. हजारो वर्षे माणसे एका जागी राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती कोसळल्या, त्यावर पुन्हा घरे उठली, त्याची ती माती. गाडीवान सकाळी दोन खेपा करायचे. मीही मामाबरोबर गाडीत बसून गेलो आहे आणि घमेली भरली आहेत.

त्या मातीत खापऱ्या निघत. लाल रंगाच्या, वर काळ्या रेघा. कुठे जाळी काढलेली, कुठे नुसते तिरपे फटकारे. त्यातल्या चपट्या, चांगल्या घासलेल्या निवडून आम्ही लगोरी खेळायचो. सात खापऱ्यांचा डाव. काळ्या रेघांची खापरी सर्वांत वर ठेवायची, असा आमचा नियम होता. पुढे डी.एड. करायला बाहेर पडलो, तिथल्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात तशाच खापऱ्यांचा फोटो पाहिला. खाली लिहिले होते जोर्वे संस्कृती, ताम्रपाषाण काळ, म्हणजे माणूस तांबे आणि दगड दोन्ही वापरायचा तो काळ. इसवी सनापूर्वी 1400 ते 700 या सुमाराची. मी त्या टेबलाशी किती वेळ बसून राहिलो ते आठवत नाही. ग्रंथपालांनी दिवा घालवला तेव्हा उठलो. आम्ही तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पाण्याच्या मडक्यावर नेम धरून चेंडू मारत होतो.

यात अनास्था कुणाची, ते तुमच्या लेखकांनी ठरवावे. बहाळला पुरातत्त्व खात्याने 1952-53 मध्ये खोदले. म. न. देशपांडे यांनी. हेच गृहस्थ पुढे पितळखोऱ्याचा गाळ उपसणारे. नंतर 1956-57 मध्ये नदीपलीकडे टेकवाड्याला खोदले, तिथे मडक्यांत पुरलेली माणसांची हाडे निघाली. माझा थोरला मामा त्या कामावर रोजाने होता. संध्याकाळी घरी आला की आजी त्याला उंबऱ्याबाहेर उभा करायची, डोक्यावरून दोन घागरी ओतायची, मगच आत घ्यायची. मेलेल्याला शिवून आलेल्या माणसासाठी जे करायचे तेच. तीन हजार वर्षांनंतरसुद्धा तिने सुतक पाळले, याला अनास्था म्हणायचे असेल तर म्हणा. पण त्या मडक्यांत कोण होते, किती जुने होते, ही पांढरी पुन्हा खणू नका, हे मामाला किंवा आजीला कुणीही सांगितले नाही. काम संपले, तंबू उठले, पेटाऱ्या भरून माल गेला. अहवाल छापला तो इंग्रजीत. आम्हाला उरली ती पांढरी, आणि आखाजी दरवर्षी येतच होती.

पाटण्याची गोष्ट तीच. मागच्या दिवाळीत पुण्याहून भाचा, भाचेसून आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी आली होती. तुमच्याच पुरवणीत तेव्हा ‘सुटीत पाहा’ अशी एक यादी आली होती आणि पाटण्यापुढे कंसात लिहिले होते, ‘शहामृगाच्या अंड्याचे अवशेष’. मी म्हटले चला. भाड्याची गाडी केली. गावात पोचल्यावर उत्खननाची जागा कुठली म्हणून तीन ठिकाणी विचारले. तिन्ही ठिकाणी देवीच्या देवळाची वाट दाखवली. चौथ्या ठिकाणी एका म्हातारबाबांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “काय देखाले उनात भाऊ? आठे ते मातीच शे.” म्हणजे, काय पाहायला आलात, इथे तर मातीच आहे. त्यांचे काही चुकले नाही. पाटी नाही, कुंपण नाही, बाणसुद्धा नाही. शेवटी ओढ्याच्या काठाला साधारण जागा धरून मी पोरीला दरडीतले मातीचे थर दाखवायला लागलो.

तिने विचारले, “आजोबा, शहामृग कुठंय?”

आता हिला काय सांगायचे! पुरातत्त्व खात्याच्या साळींनी 1972-73 मध्ये इथे खोदले, तेव्हा मधल्या थरातून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले. वय सुमारे 25 हजार वर्षे. त्यातल्या एका तुकड्यावर कुणीतरी गारगोटीच्या धारेने आडव्यातिडव्या रेघा कोरल्या आहेत, पट्ट्या काढून, नीट मापात. कवचाचे मणीही निघाले. माझ्या सदऱ्याचे बटण दाखवून मी तिला म्हटले, याहून लहान, मधोमध भोक, कडा घासून गोल केलेल्या. शहामृग इथे कसला असणार, असे पुष्कळांना वाटायचे. 2017 मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए काढला, तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. म्हणजे या देशात शहामृग पळत होते. पोरगी सगळे ऐकून घेत होती. मग तिने विचारले, ते मणी बघायला कुठे मिळतील? मी गप्प. पाटण्यात नाहीत, चाळीसगावात नाहीत, जळगावच्या कुठल्या काचेच्या कपाटात असल्याचे मी पाहिलेले नाही. पितळखोऱ्याचा तो हसरा यक्ष, ज्याच्या हातावर ‘कण्हदास सोनाराने केला’ असे कोरले आहे, तोही दिल्लीला जाऊन बसलाय. एवढ्या दूर राहणाऱ्या नातेवाइकांची खबरबात ‘स्थानिकांनी’ घ्यायची कशी?

तेव्हा पाहण्यासारखे काही नाही हे खरे आहे, मान्य करतो. पण ते ज्या पद्धतीने लिहिले आहे त्याला माझा आक्षेप आहे. पाहण्यासारखे होते ते उचलून नेले आणि उरले त्याची किंमत कुणी सांगितली नाही, असे लिहिले असते तर मी पत्र लिहिले नसते. उलट लेखाची दहा कात्रणे वाटली असती. शिवाय बहाळला अगदीच काही नाही असेही नाही. यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी अनंतदेव याचा शके 1144 चा, म्हणजे इ.स. 1222 चा, शिलालेख तिथलाच. हा अनंतदेव भास्कराचार्यांच्या भावाच्या कुळातला. पाटण्याला नातू, बहाळला चुलत घराणे. म्हणजे एका नदीच्या खोऱ्यात एक सबंध ज्योतिष्यांचे कुटुंब नांदत होते, आणि त्यांच्या पायाखालच्या पांढरीत त्यांच्याही आधी दोन हजार वर्षांची खापरे होती. अर्धा दिवस काढून नदीकाठी बसले, तर हे सगळे दिसते. गाडीतून उतरून पाच मिनिटांत सेल्फी काढून परत चढले, तर दिसत नाही.

‘कसे जाल’ या चौकटीत बहाळला जायला ‘बसची उत्तम सोय’ असे छापले आहे. त्या बसची वेळ कृपया कळवावी. मी पुढच्या खेपेला तिनेच जाईन, भाड्याच्या गाडीचे पैसे वाचतील.

जाता जाता आणखी एक. कालची पुरवणी मला माझ्या अंकात मिळालेली नाही. आमच्याकडे रविवारी अंक येतो, पुरवणी कधी येते, कधी येत नाही. हा लेख मी केशकर्तनालयात वाचला आणि मालकांना विनवून पान घरी आणले. त्यावर दाढीच्या साबणाचे डाग आहेत, त्यामुळे शेवटच्या रकान्यातल्या दोन-तीन ओळी मला लागलेल्या नाहीत. त्यात थाळनेरबद्दल काही चुकले असेल तर ते या पत्रात आलेले नाही, एवढे समजून घ्यावे. वर्गणी मी वर्षाची आगाऊ भरली आहे, पावती जपून ठेवली आहे.

पत्र छापताना काटछाट केलीत तरी चालेल. फक्त मथळ्यातला ‘ळ’ तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
चाळीसगाव