नट जरा जड घ्या

ब्रिस्टॉल

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. बाबा पहिली ओळ वाचून पत्र आईकडे देणार, म्हणून हे आधी. वर्गात हीटर असतो. आणि आई, मी वाळले नाही, फोनचा कॅमेराच तसा आहे.

'तिथे जाऊन पोरांना पुठ्ठे कापायला शिकवतेस?' म्हणालात ना बाबा? १४९७ साली जॉन कॅबट याच गावातून 'मॅथ्यू' जहाज घेऊन निघाला, जेमतेम वीस माणसं, आणि उत्तर अमेरिकेला लागला. एवढं फळ्यावर लिहिलं की पोरं जांभया देतात. म्हणून खलाशी ताऱ्यावरून जागा शोधायचे, तसं पोरांकडूनच करून घेते, कोनमापकाने. त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायची, गोल बाजू खाली. मधल्या भोकातून वीतभर दोरा, टोकाला लोखंडी नट. स्ट्रॉमधून ध्रुवतारा धरायचा, दोरा स्थिरावला की चिमटीत दाबायचा. तो आकडा आणि ९० यांतला फरक म्हणजे त्या गावाचा अक्षांश, अंदाजे. स्ट्रॉ केसभर तिरकी बसते, दोरा टेपला अडकतो, वाऱ्याने नट झुलतो. एक अंश चुकला की १११ किलोमीटर. सोलापूर शोधणारा विजापूरच्याही पुढे जाईल. त्यात कॅबटच्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साडेतीन अंश लांब होता, ती बेरीज-वजाबाकी वेगळीच. दिवसा आम्ही चर्चच्या मनोऱ्याचं टोक नळीत धरून सराव करतो. नळीतून सूर्याकडे बघायचं नाही, हे मात्र रोज तीनदा सांगावं लागतं.

खलाशांचं बिस्कीटही करतो. दोन वाट्या पिठाला अर्धी-पाऊण वाटी पाणी, मीठ. तेलाचा थेंब नाही, तेल खवट होतं. काट्याने भोकं पाडायची म्हणजे फुगत नाही, मग मंद आचेवर दोन-तीन तास. आत ओल राहिली की बुरशी. आपली कडक भाकरीच की!

सोबत शेंगाचटणी मात्र नेता येत नाही. आमच्या शाळेत शेंगदाण्याला बंदी आहे. महाग म्हणून नव्हे, कचरा होतो म्हणूनही नव्हे. काही मुलांना दाण्याच्या कणानेसुद्धा घसा सुजून श्वास अडकतो. म्हणून डब्यात दाणा नाही, लाडू नाही, प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. तुम्ही पाठवलेली चटणी घरी, शनिवार-रविवारी पुरवून खाते. फेकली नाही, आई.

गच्चीच्या कामाला ४०,००० टाकलेत, उरलेले पुढच्या महिन्यात. दादाकडे मागू नका. बार्शीच्या स्थळाला अजून 'नाही' कळवू नका, 'हो'ही नको. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जमणार नाही, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच शाळा उघडते. अक्षता सोहळ्याचा व्हिडिओ पाठवा. मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतं, माहीत आहे.

तुमची,
सुनी

ता. क. छोटूकडून गच्चीवर ध्रुवतारा मोजून घ्या. इथे साडेएक्कावन्न येतो, तिथे साडेसतराच्या आसपास यायला हवा. इतका खाली, की उत्तरेला शेजाऱ्यांची टाकी आडवी येईल. त्या कोपऱ्यातून बघा. आणि नट जरा जड घ्या, गच्चीवर वारा असतो.