राष्ट्रपती कसा हवा, हे विधानसभेच्या उमेदवारांना आधी विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत आमदार-खासदारांना, मग सामान्य माणसाने त्यावर घसा का कोरडा करावा?’ असे एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात विचारले आहे. हे मला मुळीच पटलेले नाही. मी आणि माझा एक जुना मित्र २०२२ पासून याच विषयावर घसा कोरडा करत आलो आहोत. मी गोव्यातल्या फोंड्याचा, तो केपे तालुक्यातला, वेळीप या आदिवासी समाजातला. द्रौपदी मुर्मू निवडून याव्यात असे त्याला मनापासून वाटत होते, तर मी विरोधी पक्षांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांच्या बाजूचा होतो. अजूनही दोघे आपापल्या मतावर ठाम आहोत आणि चतुर्थीला एकमेकांच्या घरी जाणेही चुकलेले नाही.

माझे म्हणणे असे की राष्ट्रपती भवनात सरकारला वेळप्रसंगी थांबवणारा माणूस हवा. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावा, ही मंत्रिमंडळाची शिफारस १९९७ साली के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. २००६ मध्ये डॉ. कलामांनी लाभाच्या पदाचे, म्हणजे आमदार-खासदारांनी सरकारी लाभाची पदे घेण्याबाबतचे विधेयक फेरविचारासाठी परत केले. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर घटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली, तरी मधल्या काळात लोकांना तो विषय कळला. याउलट १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणीच्या कागदावर रातोरात सही झाली. म्हणून सत्तेबाहेरून आलेला, प्रशासन आणि अर्थखाते दोन्ही आतून पाहिलेला उमेदवार मला बरा वाटला.

मित्र यावर गप्प बसणारा नाही. “नारायणन आणि कलाम दोघेही सत्ताधाऱ्यांच्याच पाठिंब्याने आले होते ना?” हा त्याचा पहिला सवाल. त्यानंतर त्याने मुर्मूंचे झारखंडच्या राज्यपाल असतानाचे उदाहरण काढले. आदिवासींच्या जमिनींना संरक्षण देणाऱ्या छोटा नागपूर आणि संथाल परगणा कूळ कायद्यांत दुरुस्ती करणारी विधेयके २०१७ मध्ये त्यांनी परत पाठवली, आणि तीही ज्या पक्षातून त्या आल्या त्याच पक्षाच्या सरकारला. जमीन कसणारे कूळ आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार म्हणजे काय हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे हा मुद्दा किती वजनाचा आहे ते मी जाणतो. त्याची खरी तळमळ मात्र वेगळीच आहे. गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण २०२२ च्या विधानसभेत चाळीसपैकी एकही जागा त्यांच्यासाठी राखीव नव्हती. “पर्वरीच्या विधानसभेत आमच्यासाठी एक खुर्ची नाही, तिथे दिल्लीत सर्वांत वरच्या खुर्चीवर आमच्यातली बाई बसते आहे. हे तुला कसे कळणार?” असे तो म्हणाला. त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. राज्यपालाने विधेयक परत करणे आणि राष्ट्रपतीने केंद्र सरकारला अडवणे यांत मोठे अंतर आहे, हे माझे मत मात्र कायम आहे.

या निवडणुकीत पसंतीक्रम असतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते, आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने तो नावापुढे १, २ असे आकडे घालतो. उमेदवार दोनच असले तर दुसऱ्या आकड्याला काम राहत नाही. पण १९६९ साली पहिल्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नव्हती. तिसऱ्या क्रमांकावर होते आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांच्या मतदारांनी पुढे कोणाला २ लिहिले ते मोजल्यावरच व्ही. व्ही. गिरी संजीव रेड्डींविरुद्ध विजयी ठरले, तेही सुमारे साडेचौदा हजारांनी. मला मत असते तर मी सिन्हांपुढे १ आणि मुर्मूंपुढे २ लिहिले असते. मित्राने याच्या उलट.

या निवडणुकीत पक्षाला व्हिप (अमुकलाच मत द्या असा पक्षादेश) काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. २००७ मध्ये शिवसेनेने युतीची रेघ ओलांडून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, २०२२ मध्ये काँग्रेससोबत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाने मुर्मूंना दिली. एवढे मोकळे मत आमदाराला सभागृहात क्वचितच मिळते. गोव्याला तर ते उशिरा मिळाले. गोवा आधी संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित होता आणि अशा प्रदेशाच्या आमदारांना तेव्हा हा अधिकारच नव्हता, त्यामुळे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनाही राष्ट्रपती निवडता आला नाही. १९८७ ला घटकराज्य झाले तेव्हा तो हक्क आला. राज्याच्या लोकसंख्येवरून ठरणारे मताचे मूल्य आज गोव्याच्या एका आमदाराचे २०, चाळीस जणांचे मिळून ८००, आणि उत्तर प्रदेशच्या एकाच आमदाराचे २०८. आकडा लहान म्हणून हे मत न बोलता, न विचारता टाकून यावे, हे मला मान्य नाही.

२०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक आहे आणि त्याच वर्षी जुलैत राष्ट्रपतिपदाची. म्हणजे आता आपण जे चाळीस निवडू, तेच भर पावसात पर्वरीला जाऊन हे मत टाकतील. रस्ता, नळ, नोकरी याबद्दल उमेदवारांना आपण विचारतोच. त्यासोबत एवढेही विचारावे, की तुम्हाला राष्ट्रपती कसा हवा आणि का? मतपत्रिका कोणाला दाखवता येत नाही, कारण सांगायला मात्र कसलीही बंदी नाही. माझा मित्र केप्यात विचारणार आहे, मी फोंड्यात. आमची उत्तरे जुळणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आपणास विनंती, की प्रचाराच्या काळात प्रत्येक मतदारसंघातील उमेदवारांना आपल्या दैनिकाने हाच एक प्रश्न विचारावा आणि त्यांची उत्तरे काटछाट न करता छापावीत. जो उत्तर देणार नाही त्याचे नावही छापावे.

आपला,
एक वाचक, फोंडा