लॅमिंग्टन रोडवरच्या दादांना, डॉकबद्दल आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानात दिवसभर एवढी गर्दी, की मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. कल्याणचा फोटो स्टुडिओवाला, पिशवीभर सुट्या हार्ड डिस्क घेऊन आलेला, म्हटलं तर कदाचित आठवेल. लग्न-मुंजींचं शूटिंग स्टुडिओच्या पीसीवर साठत गेलं, पीसी भंगारात गेले, डिस्क तेवढ्या काढून ठेवल्या. तुमच्या आधी एका ठिकाणी 'डेटा रिकव्हरी'चा डिस्कमागे जो आकडा सांगितला, तो ऐकून मी आल्या पावली परतलो होतो.

तुम्ही पिशवीतली एक डिस्क काढून काउंटरवरच्या डॉकमध्ये, म्हणजे सुटी डिस्क कॉम्प्युटरला जोडायच्या खाचेच्या डब्यात, उभी खोचलीत, बटण दाबलंत. ती घरघरली आणि स्क्रीनवर माझे फोल्डर! "रिकव्हरी कसली करताय? धडधाकट आहे ही, नुसती जोडायचीय," म्हणालात. हे न सांगता पैसे घेतले असतेत तर मला कळलंही नसतं.

लॅपटॉपच्या डिस्कसाठी आणलेल्या साध्या वायरीवर मोठी डिस्क ढिम्म का राहते, तेही तुमच्यामुळे समजलं. अडीच इंचीला 5 व्होल्ट पुरतात, ते यूएसबीतून मिळतात. साडेतीन इंचीची मोटर 12 व्होल्ट मागते, म्हणून डॉकला वेगळा अडॅप्टर.

स्वस्तातला जुना डॉक शेल्फवर होता, पण माझ्याकडे 4 टीबीची डिस्क आहे म्हटल्यावर तो दिला नाहीत. त्यात 2 टीबीच्या पुढचं धड दिसत नाही म्हणालात. दोन खाचांचा डॉक दिलात आणि त्याच्या क्लोनच्या बटणावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवलात. कॉम्प्युटर न जोडता एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरते, सोय झकासच. पण डिस्क उलट्या खाचांत बसल्या तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरायची. टेप अजून तिथेच आहे. पोरांना कामाला लावायचं म्हणजे ती हवीच. विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणायचं, हाही तुमचा नियम स्टुडिओत पाळतो.

सगळ्यात मोठे आभार त्या टकटक करणाऱ्या डिस्कबद्दल. आवाज ऐकताच तुम्ही डॉक बंद केलात. हेड, म्हणजे डिस्क वाचणारा आतला भाग, बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी फिरवताना आतल्या तबकडीवर ओरखडे पडतात, फोटो मोलाचे असतील तर ही मात्र लॅबमध्येच द्या, असं बजावलंत. माझा हात तरी पुन्हा एकदा लावून बघायला शिवशिवत होता.

बाकीच्या उतरवून झाल्या. यूएसबी 3 वर व्हिडिओच्या मोठ्या फाइल सेकंदाला शंभर एमबीच्या वर सरकतात, म्हणजे 1 टीबीला तीनेक तास. बारीकसारीक फोटो मात्र रेंगाळतात. उघडी डिस्क तापते, म्हणून शेजारी टेबल फॅन लावतो. एका गिऱ्हाइकाला 2011 च्या लग्नातले आजोबांचे फोटो हवे होते, ते पेनड्राइव्हवर दिले.

एक आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क राहिलीय, रुंद पट्टीची, 40 पिनांची. ती या खाचेत बसत नाही. लग्नसराई आटोपली की घेऊन येतो. तिच्यासाठी कन्व्हर्टर असेल तर बाजूला काढून ठेवा. आणि या वेळी चहाचे पैसे मी देणार.

तुमचा,
कल्याणचा स्टुडिओवाला