भांडी मोडीत घालण्याआधी

इप्सविच, इंग्लंड,
सप्टेंबरअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आईला निम्मं ऐकू येत नाही आणि बाबा "बरं आहे, बोल" म्हणून फोन दादाच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून या वेळी सरळ लिहायलाच बसले. दादा मोठ्या अक्षरात छापून देईल. तोच परवा सांगत होता, वाईच्या घराचा माळा रिकामा करायला घेतलाय आणि दिवाळीच्या आत तांब्या-पितळेची सगळी भांडी मोडीत घालायची असं आईनं ठरवलंय. त्याबद्दल मला बोलायचंच आहे. पण आधी शनिवारी मी काय केलं ते सांगते.

आमच्या शेजारचे ते निवृत्त गृहस्थ आठवतात ना, मागच्या वर्षी पायरीवर भोपळे ठेवून गेले होते ते? सुट्टीच्या दिवशी ते मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळत असतात. त्यांच्याकडे एक जादा यंत्र आहे आणि "एकदा येऊन तर बघ" म्हणून ते कधीचे मागे लागले होते. गहू कापून झाला की पुढची पेरणी होईपर्यंत काही आठवडेच रान मोकळं असतं. तेवढाच या लोकांचा हंगाम. तर गेले.

बाबा, तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय. जन्मभर महसुलात काढल्यावर तुम्हाला १८७८चा निखात निधीचा कायदा पाठच असणार. जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. इथेही कायदे आहेत. शेतमालकाच्या परवानगीशिवाय यंत्र घेऊन पाऊल टाकायचं नाही, संरक्षित स्मारकाच्या जागेत तर नाहीच नाही. आणि १९९६च्या कायद्यानं, तीनशे वर्षांपूर्वीचा सोन्याचांदीचा दागिना किंवा नाण्यांचा साठा असं काही निघालं, तर चौदा दिवसांत कॉरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. संग्रहालयानं ती वस्तू घेतली तर मोबदला सहसा मालक आणि शोधणारा यांच्यात निम्मा-निम्मा. म्हणजे सगळं कागदोपत्री. आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की लिंबू, काळी बाहुली आणि मांत्रिक आलाच. आजी तर म्हणायची, धनावर नाग बसलेला असतो. इथे नागाच्या जागी फॉर्म आहे.

आता मुख्य गोष्ट. तासभर काहीही सापडलं नाही. म्हणजे सापडलं पुष्कळ, पण सगळं भंगार. यंत्राची थाळी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालायचं. तिच्यातून जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी जातात, खाली धातू असला की त्याच्यात बारीक प्रवाह उठतात आणि ते यंत्र पकडतं. लोखंड असेल तर कानात खर्जातली घरघर, चांदी-तांबं असेल तर उंच स्वच्छ सूर. ऐकायला सोपं वाटतं, पण कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा सूर जवळजवळ सारखा. तेव्हा कडीसाठीही तितकंच वाकावं लागतं. शिवाय इथे तितर-पारव्यांची शिकार चालते, त्या काडतुसांची पितळी बुडं पावलापावलाला. माती चिकट आणि गारगोट्यांनी भरलेली, कुदळ मारली की ठण्ण. आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत असं खणायला किती मजा आली असती, असा विचार मनात आला आणि लगेच दाबलासुद्धा. (दादाला सांगा, तिकडे यंत्र मागवू नकोस.)

मग मात्र गुंड्या निघायला लागल्या. सपाट, गोल, मागे कडी असलेल्या, कोटाच्या. एक निघाली, दुसरी निघाली, तिसरीच्या वेळी मी विचारलं की या शेतात लोक कपडे काढून नाचत होते की काय. ते हसले आणि म्हणाले, हे सगळं खतातून आलंय. घरातला केरकचरा, चुलीतली राख, फुटकी भांडी, फाटके कपडे सगळं गोठ्यापाशी उकिरड्यावर जायचं आणि वर्षातून एकदा गाड्या भरून शेतात. चिंध्या कुजल्या, गुंड्या राहिल्या. लोकरीच्या गिरण्यांतला चिंध्यांचा कचरासुद्धा शेतकरी खत म्हणून विकत घ्यायचे. आई, तूच म्हणतेस ना, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. इथे अडीचशे वर्षं लागली एवढंच.

गुंड्यांच्या पाठोपाठ एक अंगुस्तान मिळालं. पितळी, एका बाजूनं चेपलेलं, पण सुईला अडवणारे बारीक खळगे अजून बोटाला लागतात. ते माझ्या करंगळीतच गेलं. बाईचं असावं, का मुलीचं? तुझ्या शिवणाच्या डब्यातलं अंगुस्तान माझ्या अंगठ्यातही सैल व्हायचं.

बाबांसाठी एक खास. शिशाचा एक वाकडा तुकडा निघाला, मला वाटलं बंदुकीची चपटी झालेली गोळी. शेजाऱ्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, कापडाचं सील. हा सगळा भाग एके काळी लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होता. कापड विक्रीला जायच्या आधी सरकारचा माणूस येऊन लांबी-रुंदी, प्रत तपासायचा, कर घ्यायचा आणि कापडाच्या काठाला हे शिशाचं सील ठोकायचा. ती पद्धत १७२४ साली बंद झाली, म्हणजे सील त्याआधीचं. तुमच्याच खात्याचा माणूस की हो! कापड गेलं, कर गेला, शिक्का तेवढा चिखलात राहिला.

आणि मग ती घंटा. जेवायच्या आधी शेवटचा म्हणून एक सूर खणला, तर वीतभर खाली हिरवट गोळा लागला, मोठ्या आवळ्याएवढा. मला वाटलं गारगोटीच. शेजाऱ्यांनी तो हातात घेतला, तळाची माती नखानं खरवडली आणि एकदम गप्प झाले. घोड्याच्या किंवा बैलाच्या साजाला लावायची बंद घंटा होती ती, पूर्ण शाबूत. वर पट्टा ओवायला कडी, खालच्या अर्ध्या भागावर उमलत्या पाकळ्यांची नक्षी, मधोमध आरपार चीर आणि चिरेच्या दोन बाजूंना एकेक अक्षर : आर आणि डब्ल्यू. रॉबर्ट वेल्स, विल्टशरमधल्या ऑल्डबर्न गावचा ओतारी. अठराव्या शतकात त्याच्या कारखान्यात चर्चच्या मोठ्या घंटाही ओतायचे आणि या गाडीच्या छोट्याही. अरुंद, दोन्हीकडून उंच कुंपणाच्या रस्त्यांवर समोरून गाडी येतेय हे कळावं म्हणून या घंटा लावायचे. विल्टशर इथून इंग्लंडच्या पार दुसऱ्या अंगाला, तिथून ही इथवर आली. बाटलीतलं पाणी ओतून चिरेतली माती भिजवली, काडीनं हळूहळू काढली. आत लोखंडाची गोळी असते, ती बहुधा गंजून चिकटलेली असते. मी हलवली. वाजली! थोडी घोगरी, पण वाजली. मी तिथेच चिखलात बसकण मारली आणि ती परत परत वाजवत राहिले. शेतमालक ट्रॅक्टरवरून उतरून बघून गेला, म्हणाला, ठेव तुला, नांगराखाली नाही आली हे नशीब.

डबा खाताना (पोळीभाजी नेली होती, त्यांनाही दिली, तिखट लागलं पण संपवली) त्यांनी हॉक्सनची गोष्ट सांगितली. इथे जो हे यंत्र हातात घेतो तो ती सांगतोच म्हणे. १९९२ साली इथून जवळच हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं एरिक लॉज नावाच्या मित्राला यंत्र घेऊन बोलावलं. हातोडा शोधता शोधता रोमन काळाच्या अखेरचा साठा लागला, जवळजवळ पंधरा हजार सोन्याचांदीची नाणी, दागिने, चमचे. आणि त्या माणसानं काय केलं? थोडं काढल्यावर हात आवरला आणि कळवून टाकलं. त्यामुळे पुरातत्त्ववाल्यांना पेटीत काय कुठे रचून ठेवलं होतं ते जसंच्या तसं बघता आलं. त्यात चांदीच्या मिरपूडदाण्याही होत्या आणि त्या काळी मिरी यायची ती आपल्या मलबारातून. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मी विचारलं, सगळं उकरून घरी नेलं असतं तरी नाणी तीच ना? ते नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःची पिशवी उघडून दाखवली. सापडलेली प्रत्येक वस्तू, अगदी अर्धं बकलसुद्धा, वेगळ्या छोट्या पुडीत, पुडीवर जागा, खोली, तारीख. कायद्यानं सांगायची सक्ती नसलेल्या असल्या वस्तूंचीही इथे आपखुशीनं नोंद करतात. १९९७पासून ती योजना चालू आहे, १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदवल्या गेल्यात आणि त्यात खजिने थोडे, अशा गुंड्या-बकलंच फार. माझ्या घंटेचीही नोंद होईल. पण ती कुणाच्या घोड्याला होती, कुठल्या गाडीवरून पडली, त्या दिवशी गाडीत काय होतं, ते कुणी सांगू शकणार नाही.

आई, आता तुझ्याकडे येते. आपल्या माळ्यावरच्या परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे. मोठ्या तपेल्यावर आहे, पाणी तापवायच्या घंगाळावर आहे, त्या झाकण हरवलेल्या डब्यावरही आहे. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठल्या साली. इथे लोक अक्षरं दोन सापडली तर हरखून जातात आणि आपण अख्खी वंशावळ किलोवर घालायला निघालोय. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बंब ठेवता येणार नाही हे मला कळतं. सगळं ठेव असं मी म्हणतच नाही. मोडवाला तराजू लावायच्या आधी दादाला प्रत्येक नावाचा फोटो काढू दे. आणि तू शेजारी बसून सांग, तो फोनवर रेकॉर्ड करेल. तपेलं दिलेली आत्या कुठली, तिचं आणि आजीचं का फाटलं, घंगाळाला पोचा कसा पडला. भांडणंसुद्धा सांग, तीच मला जास्त हवी आहेत. गोठ्यातल्या खुंटीवरची घुंगुरमाळ मात्र कुणालाही देऊ नकोस. ती माझी. शेवटची बैलजोडी कधी विकली, बैलांची नावं काय होती, हे बाबांना विचार. मला खिल्लारी होती एवढंच आठवतं.

आणि बाबा, तुमच्यासाठी एक काम. शेजाऱ्यांनी मला १७९७चा एक पेनी दाखवला. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टन यानं वाफेच्या यंत्रावर पाडलेला, अख्खा औंसभर तांब्याचा, आपला ढब्बू पैसा परवडला. त्याच्या त्याच सोहो टांकसाळीत सहा वर्षं आधी, १७९१ साली, कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली होती. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी अक्षरांत अदल, म्हणजे न्याय. तुमच्या नाण्यांच्या डब्यात, शिवराई आणि भोकाच्या पैशांच्या मधे, तराजूचं एक नाणं होतं ना? लहानपणी दुकान-दुकान खेळायला ते मलाच हवं असायचं. त्याच्यावर साल शोधा. १७९१, १७९४ किंवा १८०४ असेल तर ते बर्मिंगहॅमहून आलेलं आहे. १८३०च्या पुढचं असेल तर इकडचं नव्हे, आपल्याकडच्या टांकसाळीतलं. साल दिसलं नाही तर आईला चिंच लावू देऊ नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. उन्हात तिरपं धरून भिंगातून बघा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा.

आईच्या कानाच्या यंत्राचे सेल कुरिअरनं पाठवलेत, येत्या आठवड्यात मिळतील. जुने सेल देव्हाऱ्यात साठवू नका. गुडघ्याचं तेल लावताय ना, दोघंही? फेब्रुवारीत येतेय, तोवर माळा निम्मा तरी माझ्यासाठी ठेवा.

तुमची,
धाकटी