सुई नवी, पण कापूस तोच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजेक्शनवाटे अमली पदार्थ घेणाऱ्यांमधल्या एचआयव्हीबद्दल जे छापून येते ते बहुतेक वेळा 'दुसऱ्याची सुई वापरू नका' या एका वाक्यावर थांबते. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. स्वतःची कोरी सुई वापरूनही लागण होऊ शकते. ती कशी, हे कळल्याशिवाय प्रतिबंधाचे काम पुढे सरकत नाही.

सुई शिरेत नीट गेली का हे पाहायला दांडा किंचित मागे ओढतात, तेव्हा रक्त सिरिंजमध्ये येते. नंतर दांडा पूर्ण दाबला तरी सिरिंज कोरडी होत नाही. सुई वेगळी काढता येते अशा सिरिंजच्या टोकाशी सुमारे ८४ मायक्रोलिटर द्रव अडकून राहतो. सुई कायमची जोडलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये तो जेमतेम २ मायक्रोलिटर असतो. म्हणून नशा टोचून घेणाऱ्यांना वाटण्यासाठी सिरिंज खरेदी करताना ही टोकाची पोकळी आधी पाहावी. अर्थात मोठ्या शिरेसाठी किंवा जास्त द्रवासाठी सुटी सुई लागणारे असतातच. त्यांच्यासाठी कमी पोकळीच्या सुट्या सुयाही निघाल्या आहेत.

आता हीच वापरलेली सिरिंज सगळ्यांच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवून धुतली, की रक्त पाण्यात उतरते. त्याच पाण्यात पुढच्याने आपली पूड कालवली, तर त्याच्या कोऱ्या सुईला अर्थ उरत नाही. पूड ज्यात विरघळवतात त्या चमच्याचेही तसेच. ती ज्यातून गाळून सिरिंजमध्ये ओढतात त्या कापसाचे तर त्याहून वाईट, कारण गाळून झाल्यावर तो कोणी फेकत नाही. त्यात थोडा माल शिल्लक असतो आणि तलफेने अंग मोडून आले की तोच कापूस भिजवून पिळला जातो.

वाटणी हा याहून नजरेआड राहणारा प्रकार. दोघांनी पैसे घालून माल घेतला, की तो एकाच्या सिरिंजमध्ये ओढतात, दुसऱ्याच्या सिरिंजचा दांडा काढतात आणि मागच्या बाजूने त्यात अर्धा सोडतात. पहिली सिरिंज आधी वापरलेली असेल, तर रक्तही वाटले गेले. हे दोघे 'आम्ही एकमेकांची सुई वापरत नाही' असे शपथेवर सांगतील, आणि ते खोटे बोलत नसतील. म्हणून समुपदेशकाने सुईवर न थांबता पुढचे विचारावे: पाणी कोणाचे होते, चमचा कोणाचा, वाटणी कशाने केली, आधी कोणी टोचून घेतले? शेवटचा प्रश्न बायकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. अनेकींना जोडीदारच टोचतो, आणि तो स्वतःचे झाल्यावर टोचतो.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. उष्ण हवेत हा काळ बराच कमी होतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. ब्लीचने धुणे हा अगदीच नाइलाजाचा उपाय. आधी रक्त दिसेनासे होईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवायचे, मग पाणी न घातलेले ब्लीच भरून किमान ३० सेकंद हलवायचे, ते ओतून टाकायचे आणि पुन्हा नव्या पाण्याने धुवायचे. चूक होते ती घाईत: गोठलेले रक्त आत राहते, ब्लीच पातळ असते, सेकंद मोजले जात नाहीत. शिवाय यकृताला ग्रासणारा हेपटायटिस सीचा विषाणू ब्लीचने जाईलच अशी खात्री नाही.

तेव्हा खरा प्रश्न पुरवठ्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट माणशी वर्षाला ३०० सुया-सिरिंजांचे आहे, म्हणजे दिवसाला एकही पुरी नाही. हेरॉइन घेणारा दिवसातून तीन-चार वेळा टोचून घेतो; कोकेन टोचणाऱ्याचा आकडा याहून पुष्कळ मोठा असू शकतो. अशा वेळी 'एक जुनी आणा, एक नवी न्या' हा नियम आमच्या मते घातकच आहे. पोलिसांच्या भीतीने जुनी सिरिंज कोणी खिशात बाळगत नाही, मग नवीही मिळत नाही. लागतील तितक्या द्याव्यात, आणि सोबत चमचे, कापूस व निर्जंतुक पाण्याच्या छोट्या कुप्याही.

हेरॉइनऐवजी देण्याच्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांच्या पर्यायी उपचाराने हेरॉइन टोचणाऱ्यांमधली एचआयव्हीची लागण निम्म्याच्या आसपास घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. पण डोस पुरेसा हवा. मेथाडोनची सर्वसाधारण मात्रा दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅम असते. 'कमीच बरे' म्हणून ३० वर अडवून ठेवले की बहुतेकांची तलफ संध्याकाळी परत येते, रुग्ण पुन्हा सुईकडे वळतो आणि दोष उपचाराला दिला जातो.

सुई किंवा सामान सामायिक झालेच, तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. जितकी लवकर तितकी चांगली. ती २८ दिवस घ्यायची असतात. चुकून सुई टोचलेल्या परिचारिकेला ही औषधे मिळतात हे पुष्कळांना ठाऊक असते. ती आपल्यालाही मागता येतात हे मात्र नशा टोचून घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या दैनिकाने निदान हा ७२ तासांचा मुद्दा ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपले,
काही वाचक