मासळीला जिलेटिन लावा, पण पाकिटावर तसे लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माशाची कातडी, खवले आणि काटे यांपासून काढलेले कोलॅजन हे प्रथिन व त्यापासून बनणारे जिलेटिन वापरून गोठवलेली मासळी जास्त काळ चांगली ठेवता येते, असे कौतुकाने सांगितले जाते. माझी उमेदीची वर्षे मासळी गोठवण्याच्या कारखान्यात, माल तपासण्यात गेली. कौतुक रास्तच आहे. पण त्याला एक पुरवणी जोडायची आहे.

मासा गोठवला की तो बिघडायचा थांबतो, हे अर्धेच खरे. जंतूंची वाढ थांबते, बर्फ मात्र स्वस्थ बसत नाही. उणे १८ अंशांनाही मांसातले थोडे पाणी द्रवच असते. शीतगृहाचे दार उघडझाक होऊन तापमान वरखाली झाले, की बारीक स्फटिक विरघळतात आणि ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन गोठते. वाढलेले स्फटिक स्नायूंची वीण उसवतात, मायोसिन हे प्रथिन पाणी धरून ठेवेनासे होते. असा मासा वितळवला की ताटलीत पाणी साचते आणि तुकडा चोथ्यासारखा लागतो. वरून झाकलेला नसेल, तर पृष्ठभागावरचा बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो, पांढरट कोरडे डाग पडतात. तेलकट मासा खवट होतो तो वेगळाच.

जिलेटिनचा अखंड रेणू मोठा. तो मांसात फारसा शिरत नाही, वर बसतो. नुसत्या पाण्याच्या ग्लेझला, म्हणजे गोठवलेल्या मासळीवर चढवलेल्या बर्फाच्या पातळ थराला, तडे जातात, तो कोपऱ्यांवरून निघून येतो. जिलेटिनचा थर चिवट असतो आणि ऑक्सिजनला बऱ्यापैकी अडवतो. कोलॅजन तोडून केलेले लहान पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, मात्र आत मुरतात, आणि त्यांतले काही स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतात. जिलेटिनच्या अशा तुकड्यांचा हा गुण विस्कॉन्सिन विद्यापीठातील श्रीनिवासन दामोदरन यांनी २००७ मध्ये आइस्क्रीमच्या मिश्रणात दाखवला होता. सुरिमीत, म्हणजे माशाच्या धुतलेल्या मांसाच्या लगद्यात, याच कामासाठी साखर आणि सॉर्बिटॉल हा साखरेसारखाच गोड पदार्थ घालतात, त्याने मासा गोडसर लागतो. पेप्टाइडांनी ती गोडी टळते. शिवाय फेकून दिली जाणारी कातडी कामी येते.

आता पुरवणी. मांसात पाणी धरून ठेवणारे काहीही हाती आले, की ते जास्तीचे पाणी विकायलाही वापरता येते. मांसात पाणी धरणाऱ्या फॉस्फेट क्षारांच्या बाबतीत हे आम्ही पाहिले आहे. तुकडे भिजवायचे, वजन वाढवायचे, मग वर ग्लेझ. कोलॅजनची गोष्ट त्याहून अवघड, कारण ते स्वतःच प्रथिन आहे. मालात मासा किती आणि वरून घातलेले पाणी किती, याचा अंदाज प्रयोगशाळा बहुधा प्रथिनांतला नायट्रोजन मोजून बांधते. पाण्याबरोबर पेप्टाइडही घातले, की नायट्रोजनचा आकडा भरतो आणि पाणी लपते. ही माझी कल्पना नव्हे. २००३ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेला कोंबडीच्या मांसात पाणी धरण्यासाठी घातलेली गाय आणि डुकराची प्रथिने सापडली होती. तेव्हा पाकिटावर त्यांचा पत्ता नव्हता.

चोरी पकडण्याची सोय कोलॅजनमध्येच आहे. त्यात हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असते, माशाच्या नुसत्या मांसात फार थोडे. नायट्रोजनबरोबर तेही मोजले, तर बाहेरून कोलॅजन घातले का ते कळते. तपासणीत हे सक्तीचे हवे, आणि निव्वळ वजन ग्लेझ काढूनच लिहिले जावे, मग तो थर बर्फाचा असो की जिलेटिनचा.

कोळंबीचे उदाहरण तर कोणी काढतच नाही. ज्याला माशाची ॲलर्जी आहे पण कोळंबी चालते, अशा माणसाने कोळंबीच्या पाकिटात माशाचे प्रथिन असेल अशी शंका का घ्यावी? तिथे ‘जिलेटिन’ एवढेच छापून भागणार नाही. ‘माशापासूनचे जिलेटिन’ असे, आणि चष्मा न शोधता वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला हवे.

आपला,
मासळी तपासणीतून निवृत्त झालेला एक वाचक