बुलेटचा जन्म ट्रायलच्या दगडगोट्यांतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठीत या विषयावर फारच कमी लिहिले जाते, त्यामुळे नॉर्टन, ट्रायम्फ, व्हिन्सेंट या गाड्यांची इतक्या आस्थेने ओळख करून दिल्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत. मात्र स्पर्धा म्हणजे शर्यत आणि शर्यत म्हणजे वेग असे या लेखात गृहीत धरले गेले आहे, आणि आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीपलीकडे तो जातच नाही. ज्या स्पर्धाप्रकाराशी आपल्याकडच्या बुलेटचे थेट नाते आहे, त्या ट्रायलचा लेखात साधा उल्लेखही नसावा याचे वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

ट्रायलमध्ये सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला बक्षीस नसते. ओढ्याचे पात्र, शेवाळलेला खडक, चिखलाची उभी चढण असे अवघड टप्पे खुणा लावून आखलेले असतात, प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक वही घेऊन उभा असतो, आणि स्वाराने पाय जमिनीला न टेकवता गाडी पलीकडे न्यायची असते. पाय एकदा टेकला तर दंडाचा एक गुण, वारंवार टेकला तर तीन, आणि गाडी बंद पडली किंवा टप्प्याबाहेर गेली तर पाच. अखेरीस ज्याच्या नावावर दंड सर्वांत कमी, तो विजेता. यॉर्कशायरमधील मोटारसायकल उत्पादक आल्फ्रेड स्कॉट यांनी 1914 मध्ये आपल्याच कारखान्यातील कामगारांसाठी भरवलेली स्कॉट ट्रायल आजही होते. त्याहून जुनी, 1909 पासूनची परंपरा असलेली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल आता फोर्ट विल्यम गावाच्या आसपासच्या डोंगरांत भरते. याच स्पर्धेत 1961 मध्ये एजेएस कंपनीच्या 350 सीसी गाडीवर गॉर्डन जॅक्सन यांनी सहा दिवसांत मिळून अवघा एक दंडगुण घेतला. शेकडो मैलांच्या दगडगोट्यांत एकदाच पाय टेकला, ही कामगिरी माझ्या मते कोणत्याही वेगाच्या विक्रमाइतकीच थोर आहे, आणि आपल्या वाचकांना ती ठाऊक असायला हवी.

हा खेळ केवळ धष्टपुष्ट पुरुषांचा होता, असाही समज होऊ नये. 1927 मध्ये आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल (ही स्कॉटलंडच्या स्पर्धेहून वेगळी) इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये झाली, तेव्हा मार्जोरी कॉटल, ईडिथ फोली आणि लुई मॅक्लीन या तिघींच्या ब्रिटिश संघाने रौप्य कलश जिंकला होता.

आता बुलेटविषयी. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कारखान्याने 350 सीसीची नवी बुलेट तयार केली, आणि तिचे नमुने लोकांनी प्रथम पाहिले ते कोणत्याही प्रदर्शनात नव्हे, तर फेब्रुवारी 1948 मध्ये कोलमोर कप ट्रायलच्या चिखलात. त्या काळी बहुतेक ट्रायल गाड्यांचे मागचे चाक फ्रेमला घट्ट जखडलेले असे, आणि मागे स्प्रिंग बसवली तर चाकाची पकड सुटते, अशी जाणत्या स्वारांचीही ठाम समजूत होती. बुलेटला मात्र मागे स्विंगआर्म (चाकासह वरखाली हलणारा दांडा) आणि दोन शॉकअॅब्सॉर्बर होते. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये ब्रिटनने मुख्य करंडक जिंकला, आणि त्या संघातील चार्ली रॉजर्स व विक ब्रिटन या बुलेटवरील दोन्ही स्वारांना सुवर्णपदके मिळाली. विक यांचे चिरंजीव जॉनी ब्रिटन यांनी पुढे 1952 मध्ये आणि पुन्हा 1957 मध्ये बुलेटवरच स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली, तेव्हा मागच्या स्प्रिंगविषयीचा वाद कायमचा मिटला. आज साध्यातल्या साध्या मोटारसायकलीलाही मागे जी स्प्रिंग असते, तिच्यावरचा विश्वास दृढ होण्यात या चिखलातल्या स्पर्धांचा वाटा मोठा आहे.

मद्रासला 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि हीच बुलेट आपल्या लष्कराकडे, पोलिसांकडे आणि पुढे घराघरांत पोहोचली. जुनी कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या इंजिनाची बुलेट ज्यांनी चालवली आहे, त्यांना ती सुरू करण्याची रीत पाठ असेल: इंजिनातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून धरायचा, अॅमीटरचा (वीजप्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच खाली न्यायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, आणि मग एकच भरपूर किक मारायची. आपल्याकडचे मुरलेले मेकॅनिक टायमिंग आणि कार्ब्युरेटर असे जुळवतात की उभ्या गाडीचे ठोके एकेक करून मोजता यावेत, आणि त्यात त्यांना मोठा अभिमान वाटतो. हा संथ ठोका येतो जड फ्लायव्हीलमुळे, म्हणजे इंजिनातल्या वजनदार फिरत्या चाकामुळे. माणसाच्या चालीने खडक चढताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतानाही इंजिन बंद पडू नये आणि मागचे चाक जागच्या जागी फिरू नये, यासाठी ट्रायलच्या स्वाराला नेमके असेच इंजिन लागते. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या त्या गरजेचा ठोका आपण आजही गल्लीबोळांत ऐकतो. रॉयल एन्फिल्डने 2019 मध्ये भारतात बुलेट ट्रायल्स नावाची आवृत्ती काढली, ती जॉनी ब्रिटन यांच्या त्या यशाच्या स्मरणार्थच. पण ती अल्पकाळातच बंद झाली, आणि ती विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांना या नावामागचा इतिहास कुणी नीट सांगितला असेल, याची मला शंका आहे.

या गाड्यांचा काळ कसा सरला, हेही सांगायला हवे, कारण त्यात सॅमी मिलर यांचे नाव दोन्ही बाजूंना येते. बेलफास्टचे मिलर एरियल कंपनीच्या 500 सीसी गाडीवर वर्षानुवर्षे अजिंक्य होते. जीओव्ही 132 या क्रमांकाची ती गाडी त्यांनी स्वतः तासून, कापून, हलके धातू वापरून सुमारे 110 किलोपर्यंत आणली होती. 1964 च्या अखेरीस ते स्पेनमधील बुल्टाको कंपनीकडे गेले, तेथील तंत्रज्ञांबरोबर त्यांनी शेर्पा ही साध्या, हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाची 244 सीसी गाडी घडवली, आणि 1965 मध्ये स्कॉटलंडची ट्रायल तिच्यावर जिंकली. वजनाने इतकी हलकी गाडी समोर उभी राहिल्यावर जड फोर-स्ट्रोक ब्रिटिश गाड्यांचा फार काळ टिकाव लागणे शक्य नव्हते. त्यानंतर 1969 मध्ये बिल विल्किन्सन यांनी ग्रीव्ह्ज गाडीवर बाजी मारली खरी (अपंगांसाठी इंजिनवर चालणारी तीनचाकी बनवण्यापासून सुरुवात केलेला हा एसेक्समधील छोटा कारखाना, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे), पण ब्रिटिश वर्चस्व तिथेच संपले.

म्हणूनच ब्रिटनमध्ये जुन्या ट्रायल गाड्यांसाठी 1965 हीच सीमारेषा मानतात. स्कॉटलंडमधील किनलॉकलेव्हन गावी त्याआधीच्या बनावटीच्या गाड्यांची स्वतंत्र ट्रायल होते, आणि एरियल, मॅचलेस, बीएसए, ट्रायम्फ टायगर कब या गाड्या तिथे पुन्हा त्याच खडकांवर चढतात. तिथेही एक वाद आहेच. टाकीवर जुने नाव आणि आत आजच्या यंत्रशाळेत घडवलेले फोर्क, हब आणि फ्रेम, अशा गाड्यांना जुने म्हणायचे का, यावरून जाणकारांत तीव्र मतभेद आहेत. झिजलेला भाग बदलावाच लागतो आणि स्वतः मिलर यांनीही आपल्या एरियलमध्ये मुक्तपणे बदल केले होते, हे मान्य करूनही माझे मत असे आहे की जी सुधारणा त्या काळच्या स्वाराला आपल्या शेडमध्ये करता आली असती तेवढीच ग्राह्य धरावी, कारण त्या जड गाडीला ताब्यात ठेवण्याचे कसबच नाहीसे झाले तर स्पर्धेला अर्थ उरत नाही. तरीही त्या मंडळींनी आपल्या जुन्या गाड्या काचेआड न ठेवता पाण्यात आणि चिखलात उतरवल्या, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक रंग, क्रोम आणि मूळ सुट्या भागांकडे पाहतात, ते योग्यच आहे. पण राज्यात अशी प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे की त्यांनी जुन्या कास्ट आयर्न बुलेटसाठी किमान एक छोटा ट्रायल टप्पा आखावा. वीस-पंचवीस पावलांची दगडी चढण, दोन्ही बाजूंना सुतळी, वही घेतलेला एक निरीक्षक, स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट आणि पायांत घोट्यावर येणारे बूट, एवढ्यावर तो उभा राहतो. आणि वेग माणसाच्या चालीचा असल्याने पोरासोरांना शर्यतीची चिथावणी मिळण्याचा प्रश्नही येत नाही. आपल्या पुरवणीनेही या विषयावर एक स्वतंत्र लेख द्यावा, आणि तो लिहिताना ज्यांच्या हातून या गाड्या आजवर चालू राहिल्या आहेत त्या आपल्या गावोगावच्या जुन्या बुलेट मेकॅनिकांशी जरूर बोलावे, ही विनंती.

कळावे,
आपल्या पुरवणीचा एक नियमित वाचक,
सातारा